आकाशातले अंतर, उंबरठ्यापासूनचा वेळ

महिन्याचा पहिला आठवडा म्हणजे आमच्या शाखेत निवृत्तिवेतनधारकांचा आठवडा. म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत आयुष्याची तीस-तीस, पस्तीस-पस्तीस वर्षे घालवलेली ही मंडळी पासबुक भरून घेण्याच्या निमित्ताने येतात आणि दोन घटका बसून जातात. त्यांच्यापैकी एक गृहस्थ मूळचे बेळगावकडचे. मी सांगली जिल्ह्यातील आहे हे कळल्यापासून ते माझ्याशी आवर्जून मराठीत बोलतात. त्यांची एकुलती एक मुलगी सिंगापूरला नोकरी करते. एकदा मी सहज म्हणालो, "काका, मुलगी फार लांब गेली हो तुमची." तेव्हा ते हसून म्हणाले, "लांब कुठली साहेब? बंगळुरूहून साडेचार तास. इथून हुबळीला जायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो!"

काकांचे विधान आकडेवारीच्या दृष्टीने बिनचूक होते. बंगळुरू ते सिंगापूर हे हवाई अंतर सुमारे ३,२०० किलोमीटर आहे आणि थेट विमानाला साधारण साडेचार तास लागतात. तरीही त्यांचे ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. कारण असाच एक बिनचूक आकडा मनाशी धरून मी स्वतः एकदा फसलो होतो. त्या फसगतीची हकीकत पुढे सांगणारच आहे. परंतु त्याआधी हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ या दोन गोष्टींची आपण जी सरमिसळ करतो, तिच्याविषयी थोडे लिहिणे अगत्याचे वाटते.

दोन हेब्बाळ

कर्नाटकात हेब्बाळ नावाची एकाहून अधिक गावे आहेत. आमचे हेब्बाळ म्हैसूर शहराच्या वायव्येला. कारखाने, इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून प्रशिक्षणासाठी येणारी तरुण मुले-मुली ही त्याची ओळख. दुसरे हेब्बाळ बंगळुरूच्या उत्तरेला. तेथील उड्डाणपूल देवनहळ्ळीच्या केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे आणि तेथील वाहनांची कोंडी साऱ्या बंगळुरूला परिचित आहे.

गमतीचा भाग असा की, आमच्या हेब्बाळहून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्याला बहुधा त्या दुसऱ्या हेब्बाळवरूनच जावे लागते. २४ मे २००८ रोजी देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि शहरातील जुन्या विमानतळावरची नियमित प्रवासी वाहतूक बंद झाली. नवा विमानतळ प्रशस्त आहे, देखणा आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र म्हैसूर बंगळुरूच्या नैर्ऋत्येला आणि विमानतळ उत्तरेला. म्हणजे म्हैसूरकराला विमान गाठण्यासाठी आधी एक महानगर ओलांडावे लागते. एका हेब्बाळपासून दुसऱ्या हेब्बाळपर्यंत जाण्यात जो वेळ जातो, त्यात विमान जवळजवळ सिंगापूर गाठते.

पंधरा तासांचा ताळेबंद

आम्हा बँकेच्या माणसांना प्रत्येक गोष्टीचा ताळेबंद मांडण्याची खोड असते. काकांच्या साडेचार तासांचाही मी मांडून पाहिला. घरातून बसस्थानकापर्यंत पोहोचणे व बसची वाट पाहणे, पाऊण तास. राज्य परिवहनच्या फ्लायबसने विमानतळ, सुमारे चार तास. वाटेत काही खोळंबा झाला तर हाताशी असावा म्हणून राखीव एक तास. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी आधी तीन तास हजेरी. प्रत्यक्ष उड्डाण साडेचार तास. तिकडे पारपत्र-तपासणी व सामान, एक तास. विमानतळापासून मुलीच्या घरापर्यंत पाऊण तास. बेरीज पंधरा तास.

म्हणजे एकूण प्रवासात आकाशातला वाटा अवघा तीस टक्के. उरलेले सत्तर टक्के जमिनीवर. आता असे समजा की, उद्या एखाद्या कंपनीने दहा टक्के अधिक वेगाने उडणारे विमान आणले. वाचणार किती? जेमतेम पंचवीस मिनिटे. याउलट १२ मार्च २०२३ रोजी बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे लोकार्पण झाले, तेव्हा तीन तासांचे अंतर सव्वा तासावर येईल असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात बंगळुरूच्या वेशीवर पोहोचल्यानंतर शहर ओलांडण्यात बरीचशी कमाई खर्ची पडते, ही गोष्ट खरी. तथापि जमिनीवरचा एक रस्ता जे करू शकतो, ते आकाशातील वेगवान विमानालाही करता येत नाही, एवढे तरी यातून स्पष्ट व्हावे.

वेगाच्या बाबतीत तर एक आश्चर्यकारक वस्तुस्थिती आहे. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने सेवेत आणली. त्यांचा वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास होता. आज आपण ज्या विमानांतून आशियातील शहरांना जातो, त्यांचा वेग त्याहून अधिक नाही. काहींचा तर किंचित कमीच आहे. ध्वनीच्या वेगाच्या जवळ जाऊ लागले की हवेचा विरोध आणि इंधनाचा खर्च इतका वाढतो की, तिकिटाचा दर कोणालाच परवडत नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारे कॉन्कॉर्ड १९७६ मध्ये प्रवासी सेवेत आले. लंडन-बहारीन-सिंगापूर अशी त्याची सेवा डिसेंबर १९७७ मध्ये सुरूही झाली. पण ध्वनिस्फोटाच्या त्रासाबद्दल मलेशियाने हरकत घेतल्याने काही फेऱ्यांतच ती थांबली. १९७९ मध्ये पुन्हा सुरू होऊन १९८० मध्ये ती कायमची बंद पडली आणि २००३ मध्ये कॉन्कॉर्डच निवृत्त झाले. तात्पर्य, साठ वर्षांहून अधिक काळ आकाशातला वेग आहे तिथेच आहे. वेळ वाचवायचा असेल तर तो जमिनीवरच वाचवावा लागेल.

सरळ रेषा आणि प्रत्यक्ष वाट

हवाई अंतर म्हणून जो आकडा छापला जातो, तो पृथ्वीच्या गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळच्या मार्गाचा असतो. विमान मात्र त्या रेषेवरून क्वचितच जाते. वाऱ्याची दिशा, वादळे, इतर विमानांची गर्दी आणि देशोदेशींच्या हद्दी सांभाळत ते आपली वाट काढते.

वाऱ्याचेच पाहा. दिल्ली ते टोकियो हे अंतर जाताना आणि येताना सारखेच. परंतु जाताना सुमारे साडेसात तास लागतात, तर परतताना नऊ-साडेनऊ. याचे कारण उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे प्रचंड वेगाचे वारे. जाताना ते पाठीवर हात ठेवतात, येताना छातीवर. विशेष म्हणजे हे वारे प्रथम पद्धतशीरपणे मोजले ते वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने. फुगे सोडून केलेली ही निरीक्षणे त्याने १९२६ मध्ये जगाला कळावीत म्हणून एस्पेरांतो या नव्या आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केली, आणि बहुधा त्याच कारणाने जगाने ती वाचली नाहीत! माहिती खरी असणे पुरेसे नसते. ती ज्याला हवी त्याला समजेल अशा भाषेत सांगावी लागते, हा धडा आम्हा बँकवाल्यांनीही घ्यावा असाच आहे.

हद्दींचे उदाहरण अधिक ताजे आहे. दिल्लीहून ताश्कंद सरळ रेषेत सोळाशे किलोमीटरहूनही कमी, म्हणजे दिल्लीहून चेन्नईपेक्षा जवळ. परंतु एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानचे हवाई क्षेत्र भारतीय विमानांना बंद झाले आणि वळसा घालून जाणे आपल्या छोट्या विमानांच्या इंधनक्षमतेबाहेर गेले. त्या महिन्याच्या अखेरीस इंडिगोला दिल्लीहून ताश्कंद व अल्माटीची उड्डाणे स्थगित करावी लागली. त्याआधी २०१९ मध्येही असेच घडले होते आणि त्या वर्षीच्या २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड पडल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. नकाशावर एक मिलिमीटरही न हलता शहरे अशी दूर जातात.

कराचीचे उदाहरण

याचा सर्वांत बोलका दाखला मराठी माणसाच्या इतिहासातच आहे. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. शिक्षण, टपाल, रेल्वे अशा खात्यांतून अनेक मराठी कुटुंबे कराचीत स्थायिक झालेली होती. सिंधमध्ये शिक्षणाची पायाभरणी करणाऱ्या नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आजही त्या शहरात उभी आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पुस मॉथ हे एक इंजिनाचे चिमुकले विमान सकाळी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून उडवले आणि अहमदाबादमार्गे दुपारी दोनच्या आत मुंबईत जुहूला उतरवले. विमानात प्रवासी नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. लंडनहून कराचीपर्यंत येणारे हवाई टपाल पुढे मुंबई-मद्रासपर्यंत नेणारी ही सेवा. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते. बैलगाडीसकट सुमारे सात तासांत कराची-मुंबई प्रवास पूर्ण झाला.

ही दोन शहरे एकमेकांपासून सुमारे ८८० किलोमीटरवर. आज त्यांच्यामध्ये थेट विमान नाही. ज्यांना जाण्याची परवानगी मिळते, त्यांना दुबईसारख्या तिसऱ्या ठिकाणाहून जावे लागते. म्हणजे कराची-दुबई सुमारे १,२०० आणि दुबई-मुंबई सुमारे १,९०० मिळून तीन हजार शंभर किलोमीटर, शिवाय मधला थांबा. उड्डाणाचा आणि थांब्याचा वेळ धरला तर १९३२ च्या त्या बैलगाडीच्या दिवसाशी बरोबरी करणेही कठीण. अंतराचा आकडा तोच आहे. वेळ मात्र नव्वद वर्षांत कमी होण्याऐवजी वाढला. दोन शहरांमधील खरे अंतर किलोमीटरमध्ये मोजताच येत नाही, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

घड्याळाची भूल

आणखी एक भूल घड्याळ घालते. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. रात्री अकराला बंगळुरूहून निघालेले विमान तिथे सकाळी सहाला उतरते. तिकीट पाहणाऱ्याला वाटते सात तास लागले. परतताना रात्री आठला निघून दहाला पोहोचते. वाटते दोनच तास लागले! दोन्हीकडे वेळ साडेचार तासच. घड्याळ हे निसर्गाने नव्हे, माणसाने लावलेले असते, हे अशा वेळी लक्षात येते. सिंगापूरने १९८२ च्या प्रारंभी आपले घड्याळ अर्ध्या तासाने पुढे केले. आपल्याकडे १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने स्वतःची एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत हट्टाने जपली होती. म्हणून तिकिटावरील दोन वेळांची वजाबाकी करू नये. प्रवासाचा कालावधी वेगळा दिलेला असतो, तो पाहावा, असे मी ग्राहकांना सांगतो.

माझी चुकलेली बेरीज

आता माझी हकीकत. रात्री साडेनऊच्या सुमारास मिरजेहून धाकट्या भावाचा दूरध्वनी आला. वडिलांना रुग्णालयात दाखल केले होते आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया ठरली होती. माझ्या शाखेतील एक वडीलधारे सहकारी म्हणाले, "आत्ताच गाडी करून निघा. सकाळी दहा-साडेदहापर्यंत मिरजेत असाल." रस्ता साडेसहाशे किलोमीटरच्या घरात, बारा तासांचा. मी म्हणालो, "नको. विमानाने बंगळुरू-पुणे दीड तासात होतो." कोल्हापूरच्या विमानाची वेळ जुळत नव्हती, म्हणून पुण्याचे तिकीट काढले.

पहाटे चारला निघालो. आठला विमानतळावर पोहोचलो. विमान दीड तास उशिरा सुटले. पुण्यात उतरून बाहेर पडेपर्यंत दुपारचे दोन वाजून गेले होते. पुढे मिरजेपर्यंत सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक रस्ता. संध्याकाळी साडेसातला रुग्णालयाच्या दारात उभा राहिलो, तेव्हा निरोप मिळाल्याला बावीस तास झाले होते. शस्त्रक्रिया दुपारी बारालाच सुरू झाली होती. संमतिपत्रावर भावाने एकट्याने सही केली होती. आत नेताना वडिलांनी दोनदा विचारले, "थोरला आला का?"

वडील त्यातून सुखरूप बाहेर पडले. शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "विमानाने आलास ना रे? मग उशीर कसा झाला?" त्यांच्या मनात राग नव्हता, निव्वळ नवल होते. मला मात्र उत्तर देता आले नाही. दोष विमानाचा नव्हता. उशीर कोणालाही होऊ शकतो. दोष माझा होता; कारण आयुष्यभर आकड्यांशी खेळणाऱ्या माणसाने बावीस तासांच्या प्रवासातील फक्त दीड तासच मोजला होता.

सपाट व्याजदर आणि खरा व्याजदर

बँकिंगच्या विद्यार्थ्याला ही चूक ओळखीची वाटेल. कोणी सांगतो, "दहा टक्के सपाट व्याजदराने एक लाख रुपये तीन वर्षांसाठी घ्या." व्याज तीस हजार, दरमहा हप्ता सुमारे ३,६११ रुपये. ऐकायला सोपे. परंतु दर महिन्याला मुद्दल कमी होत असते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर आकारलेले असते. घटत्या शिलकेवर हिशेब केला, तर हाच दर सुमारे १८ टक्के होतो. दहाचा आकडा खोटा नसतो. तो अपुरा असतो. आणि अपुरा आकडा खोट्या आकड्यापेक्षा अधिक घातक, कारण त्यावर कोणी संशय घेत नाही.

याच कारणाने रिझर्व्ह बँकेने किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून मुख्य तथ्य विवरणपत्र बंधनकारक केले. व्याज, प्रक्रिया शुल्क, इतर आकार या सर्वांसह वार्षिक खर्चाचा एकच टक्का ग्राहकाला त्याला समजेल अशा भाषेत द्यायचा. आमच्या शाखेत हा कागद समोर ठेवल्यावर अनेक ग्राहक प्रथमच दोन बँकांच्या कर्जांची खरी तुलना करू लागले, हा माझा अनुभव आहे.

माझे म्हणणे एवढेच की, प्रवासालाही असे एक मुख्य तथ्य विवरणपत्र असावे. तिकीट विकताना केवळ उड्डाणाचा कालावधी न सांगता विमानतळावर हजर राहण्याची वेळ, मधला थांबा, एका टर्मिनलहून दुसऱ्यावर जाण्यास लागणारा वेळ आणि दोन्ही टोकांना शहरापर्यंत सार्वजनिक वाहनाने लागणारा साधारण वेळ, हे सारे मिळून एकच बेरीज ग्राहकाला दिसावी. यात अवघड काही नाही. ही माहिती सगळी उपलब्ध आहे. ती फक्त एका ओळीत येत नाही.

विमानतळ की वाट?

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो, तो असा की, गावोगाव विमानतळ झाले की हा प्रश्न आपोआप सुटेल. उडान योजनेखाली एप्रिल २०१७ पासून लहान शहरे हवाई नकाशावर आली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. सिंधुदुर्गात २०२१ मध्ये, अमरावतीत २०२५ मध्ये प्रवासी विमाने उतरू लागली, तेव्हा तेथील लोकांना झालेला आनंद मी समजू शकतो. आमच्या म्हैसूरलाही मंडकळ्ळी येथे विमानतळ आहे. त्याची १,७४० मीटरची धावपट्टी छोट्या विमानांसाठी बांधली गेली. ती वाढवावी अशी मागणी जुनी आहे आणि तीत तथ्य आहे.

परंतु धावपट्टी म्हणजे प्रवास नव्हे. एखाद्या मार्गावर आठवड्यातून एकच विमान असेल, तर उड्डाण एका तासाचे असले तरी अवेळी निघणाऱ्याला सरासरी साडेतीन दिवस वाट पाहावी लागते. ज्या मार्गावर दर तासाला बस आहे, ती बस आठ तासांची असली तरी गरजवंताला तीच जवळची. बँकेच्या भाषेत बोलायचे तर, घरात सोने पुष्कळ आहे, पण मध्यरात्री रुग्णालयात भरायला हाती रोकड नाही, तसे हे आहे. फेऱ्यांची संख्या आणि विमानतळापर्यंतची वाट या दोन गोष्टींशिवाय विमानतळ ही न वटणारी हुंडी ठरते.

आशियातील इतर शहरांनी याचा विचार कसा केला, हे पाहण्यासारखे आहे. सिंगापूरने २००२ मध्ये चांगी विमानतळ शहरी रेल्वेने जोडला. क्वालालंपूरचा विमानतळ शहरापासून सत्तावन्न किलोमीटरवर. पण त्याच वर्षी सुरू झालेली गाडी अर्ध्या तासात शहराच्या मध्यवर्ती स्थानकात पोहोचवते. शांघायने चुंबकीय रेल्वे बांधली. ती तीस किलोमीटर अंतर सात-आठ मिनिटांत कापते, पण शहराच्या मध्यभागी न जाता अलीकडेच थांबते आणि प्रवाशाला सामान उचलून दुसरी गाडी धरावी लागते. वेग असूनही जोड चुकली की काय होते, याचे ते उदाहरण होय. आपल्या मुंबईत भुयारी मेट्रोची स्थानके विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांशी झाली आहेत आणि ती मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कुलाबा परिसरापर्यंत पूर्ण झाली. बंगळुरूच्या विमानतळाकडे जाणाऱ्या मेट्रो मार्गाचे काम हाती घेतलेले आहे आणि तो मार्ग त्या दुसऱ्या हेब्बाळवरूनच जाणार आहे. ज्या दिवशी तो सुरू होईल, त्या दिवशी आमच्या हेब्बाळपासून सिंगापूर खऱ्या अर्थाने जवळ येईल. त्यासाठी विमानाला एका मिनिटानेही घाई करावी लागणार नाही.

पैसा आणि माणूस

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी भारताची यूपीआय आणि सिंगापूरची पे-नाऊ या देयक प्रणाली एकमेकींना जोडल्या गेल्या. तेव्हापासून सिंगापूरहून पाठवलेली रक्कम काही क्षणांत इथल्या खात्यात जमा होऊ शकते. टपालाने येणाऱ्या धनाकर्षाची पंधरा-पंधरा दिवस वाट पाहणारी पिढी आमच्या शाखेत अजून येते. तिला याचे किती अप्रूप आहे ते मी रोज पाहतो. पैशापुरते अंतर आता उरलेले नाही. माणसापुरते मात्र ते पंधरा तासांचे आहे. पैसा पोहोचला म्हणजे आपण पोहोचलो, असा समज करून घेण्याचा मोह दूर राहणाऱ्या मुलांना होतो, आणि इकडच्या आई-वडिलांना तो समज खोडून काढणे जिवावर येते.

म्हणून आमच्या ग्राहकांना माझी एक विनंती असते. ज्यांची मुले दूर आहेत, त्यांनी एका कागदावर घरच्या उंबरठ्यापासून मुलाच्या उंबरठ्यापर्यंतचा खरा वेळ मांडून ठेवावा, आणि मुलांनीही तो मांडावा. पारपत्राची मुदत केव्हा संपते, कोणत्या वारी कोणते विमान वा रेल्वे आहे, अडीअडचणीला लागणारी रक्कम कोणत्या खात्यात आहे, आणि मूल पोहोचेपर्यंतच्या त्या पंधरा-वीस तासांत धावून येणारा शेजारी वा नातलग कोण, हे सारे त्याच कागदावर असावे. कर्ज घेताना आपण एवढी कागदपत्रे करतो. मग ही एक का करू नये?

परवा काका आले, तेव्हा मी त्यांच्यासमोर हा हिशेब मांडला. भरणा पावतीच्या पाठीवर एकेक आकडा लिहीत गेलो. काकांनी चष्मा पुसून बेरीज दोनदा तपासली. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, पंधरा तास म्हणजे अगदीच थोडे नव्हेत." त्यांचे साडेचार तास मी हिरावून घेतले की काय, असे मला क्षणभर वाटले. परंतु त्यांनी ती पावती नीट घडी घालून पासबुकात ठेवली आणि विचारले, "माझ्या पारपत्राची मुदत संपलेय. नूतनीकरणाला काय काय लागते? तिला दर वेळी यायला सांगण्यापेक्षा मीच एकदा जाऊन येतो."

वाचकहो, आपल्याही घरी असा एखादा साडेचार तासांचा आकडा असेल. तो एकदा तपासून पाहावा. खरी बेरीज मोठी निघाली तरी घाबरू नये. ती माहीत असलेला माणूस वेळेवर निघतो, आणि वेळेवर निघालेला माणूसच वेळेवर पोहोचतो.